टॉवेलावरचे तीन चिमटे

आमच्या ऑफिसात एक गृहस्थ शर्टाला कपडे वाळत घालायचे चिमटे लावून यायचे. प्लास्टिकचे, लाल-निळे-पिवळे, बाजारात डझनाने मिळतात तसले. खिशाच्या काठाला दोन, कधी चार, आणि एखाद्या वाईट आठवड्यात थेट कॉलरपर्यंत रांग. पहिल्या दिवशी मला वाटलं, बिचाऱ्याने घाईत दोरीवरचा शर्ट तसाच ओढून अंगात घातला असेल. दुसऱ्या दिवशी पुन्हा चिमटे. तिसऱ्या दिवशी मी विचारलंच. माझ्या पोटात काही राहत नाही, आजही नाही.

"एकेक चिमटा म्हणजे मी धरलेली एकेक गोष्ट," ते अगदी सरळ चेहऱ्याने म्हणाले. "हा लाल म्हणजे शेजाऱ्यांची किल्ली माझ्याकडे आहे. हा निळा लायब्ररीच्या पुस्तकाचा. पिवळा बायकोचा चष्मा, दुरुस्तीला टाकलाय, आणायचाय. गोष्ट सुटली की चिमटा काढायचा."

"लोक हसत नाहीत?"

"हसतात की. वाशीला स्टेशनबाहेर एका आजोबांनी विचारलं, घरी दोरी नाही का म्हणून."

"मग तुम्ही काय म्हणालात?"

"म्हटलं, दोरी आहे, पण ती ऑफिसात नेता येत नाही. तू कुठली?"

मी म्हटलं, माझे वडील साताऱ्याकडचे, माथाडी कामगार, तुर्भ्याच्या बाजारात कांदा-बटाट्याच्या गोण्या उचलतात. आम्ही कोपरखैरण्याला राहतो. झालं. त्या दिवसापासून मी 'सातारकर' झाले. माझं नाव त्यांनी नंतर क्वचितच घेतलं. मीही त्यांना नावाने हाक मारली नाही. सगळे त्यांना मास्तर म्हणायचे, मीही म्हणायला लागले.

ऑफिस म्हणजे फार काही नव्हतं. महापे एमआयडीसीत एका रबराच्या कारखान्याच्या वर दुसरा मजला, बारा माणसं, दोन एसी, त्यातला एक कॉम्प्युटरांसाठी आणि दुसरा साहेबांसाठी. आम्ही डिस्कचे ड्रायव्हर लिहायचो. म्हणजे कॉम्प्युटरची मुख्य यंत्रणा आणि डिस्क यांच्यामध्ये बसून एकाचं म्हणणं दुसऱ्याला सांगणारा जो प्रोग्रॅम असतो, तो. डिस्क जोडली की ड्रायव्हर तिच्या नावाने मेमरीत एक छोटी जागा घेतो आणि तिची सगळी माहिती तिथे ठेवतो. त्याला आम्ही ऑब्जेक्ट म्हणायचो. डिस्क गेली की ती जागा मोकळी करून परत द्यायची. ऐकायला किती सोपं आहे. मास्तरांचं अख्खं आयुष्य ती जागा परत नेमकी कधी द्यायची, याच एका प्रश्नात गेलं होतं.

मी नवीन असताना त्यांनी मला पुस्तक दिलं नाही, पंगतीची गोष्ट सांगितली. पनवेलला कुणाच्या तरी लग्नात केटररच्या पोरांना घाई झाली होती. पुढची पंगत बसवायची म्हणून त्यांनी एका म्हातारीच्या पुढ्यातलं पान उचललं. ती बिचारी हात धुवायला उठली नव्हती, ताकाची वाटी शोधायला खाली वाकली होती. सरळ होऊन तिने भातासाठी हात घातला तो थेट टेबलावर.

"मी त्या केटररशी भांडलो," मास्तर म्हणाले. "चांगला अर्धा तास. बायको म्हणते, आपण मुलाकडचे नाही, मुलीकडचे नाही, तुम्ही कशाला पडताय मध्ये. पण सातारकर, मला सांग, शेवटचा माणूस उठेपर्यंत पान हलवायचं नसतं, हे शिकवावं लागतं का?"

"नाही."

"लागतं. आपल्या धंद्यात रोज शिकवावं लागतं. डिस्क ओढून काढली, म्हणून ऑब्जेक्ट लगेच मोकळा केला, आणि तिकडे एक काम अजून त्यात हात घालून बसलंय. ते हात घालतं ते टेबलावर. मशीन पडतं."

म्हणून ते मोजायचे. ऑब्जेक्ट जो कोणी वापरायला घेईल त्याने आकडा एकने वाढवायचा, काम झालं की एकने कमी करायचा, आकडा शून्य झाला की जागा परत. ही पद्धत काही त्यांनी शोधली नव्हती, जगभर तीच चालते. पण आकडा वाढवणाऱ्या फंक्शनचं नाव त्यांनी ठेवलं होतं 'धर' आणि कमी करणाऱ्याचं 'सोड', दोन्ही रोमन अक्षरांत. साहेबांना हे अजिबात आवडायचं नाही. परदेशी गिऱ्हाईक कोड बघेल तर काय म्हणेल, असं त्यांचं म्हणणं. मास्तर म्हणायचे, म्हणेल की मराठी शिकावं.

आता हा माणूस कोडपुरता असा असता तर चाललं असतं. ते सगळीकडेच तसे होते. टेबलावरून उठताना मोठ्याने 'सोडलं' म्हणायचे. तुम्ही त्यांची पट्टी घेतली तर 'धरली' म्हटल्याशिवाय हातातून सुटायची नाही. नेरूळला त्यांच्या सोसायटीने त्यांना हौसेने सेक्रेटरी केलं. टाकी धुवायची वेळ आली. यांनी नियम काढला की प्रत्येक घराने 'पाणी भरून ठेवलं' असं सांगितल्याशिवाय टाकी रिकामी करायची नाही. सोळातल्या पंधरा घरांनी सांगितलं. सोळावं कुटुंब गावी गेलं होतं. टाकी तीन आठवडे तशीच. शेवटी नळाला पाण्याबरोबर काय काय येऊ लागलं ते मी इथे लिहीत नाही. सभा झाली आणि मास्तरांचं सेक्रेटरीपद गेलं.

मी पोट धरधरून हसले. ते हसले नाहीत. म्हणाले, "चूक माझीच. कोण धरून आहे हे विचारलं, पण धरणारा परत येणार आहे की नाही, हे विचारलं नाही. तेही विचारायला हवं."

असा हा माणूस. मला पहिले चार महिने त्यांचा भयंकर राग यायचा. मी फर्स्ट क्लास घेऊन आलेली, कोड भराभर लिहायची, आणि हे माझ्या प्रत्येक ओळीवर बोट ठेवून विचारायचे, "इथे कोण धरून आहे?" घरी आले की मी आईपुढे त्यांची नक्कल करायचे. आई म्हणायची, "म्हाताऱ्या माणसाला नावं ठेवू नये." म्हातारे कसले, पन्नाशीचे होते. पूर्वी मोठमोठ्या डिस्का दुरुस्त करायचे, कपाटाएवढ्या. त्यामुळे डिस्क ही वस्तू त्यांना हाताने माहीत होती, आम्हाला फक्त पुस्तकातून.

मग न्हावा शेव्याचं काम आलं, आणि माझी मस्ती उतरली.

बंदराजवळ एक कंटेनर यार्ड होतं. गेटवर एक कॉम्प्युटर, त्यात येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येक कंटेनरची नोंद. त्यांची डिस्क हँडलवाली होती, कप्प्यातून सरकवून बाहेर काढायची. दिवसातून तीनदा ती काढायची, दुसरी घालायची, आणि काढलेली जीपमधून मुख्य ऑफिसला पाठवायची, कारण तिथवर माहिती पाठवण्याजोगी धड लाइन नव्हती. मशीन चालू असतानाच डिस्क काढता-घालता यावी, असा ड्रायव्हर त्यांना हवा होता. तो मास्तरांच्या देखरेखीखाली मी लिहिला. ऑफिसात आम्ही डिस्क शंभर वेळा काढली, शंभर वेळा घातली. काही झालं नाही. मी ऐटीत यार्डात जाऊन बसवून आले.

पहिल्याच आठवड्यात मशीन चार वेळा पडलं. दर वेळी डिस्क काढल्यावर. मशीन पडलं की गेट बंद, गेट बंद की ट्रकांची रांग थेट वळणापर्यंत, आणि रांगेतला प्रत्येक ड्रायव्हर खिडकीशी येऊन माझ्या सात पिढ्यांचा उद्धार करून जाणार. हे मला यार्डाच्या सुपरवायझरनी सांगितलं. उरणचे होते, दाढी पांढरी, सगळे त्यांना चाचा म्हणायचे. "मॅडम, तुमच्या त्या प्रोग्रॅमला मी हात लावत नाय, नुसती डिस्क काडतो, तरी मशीन मरतो," ते फोनवर म्हणाले. "मी काय पाप केला?"

साहेबांनी मला केबिनमध्ये बोलावलं. मास्तर न बोलावता मागून आले.

"एक सरळ उपाय आहे," साहेब म्हणाले. "जागा परत द्यायचीच नाही. डिस्क गेली तरी ऑब्जेक्ट राहू दे तिथेच. कोणाचा हात टेबलावर पडणार नाही."

"दिवसाला तीन डिस्का," मास्तर म्हणाले. "प्रत्येकीची जागा अडकून राहणार. हळूहळू मेमरी भरेल, आणि तेव्हा जे पडेल ते का पडलं हे कुणालाच कळणार नाही. माझ्या सोसायटीची टाकी होईल त्याची."

"मग चूक शोधा. पुढच्या शनिवारी नवीन ड्रायव्हर यार्डात लागला पाहिजे. आठ दिवस ट्रायल. त्या आठ दिवसांत मशीन एकदा जरी पडलं तर काम आपल्या हातून जाईल." मग साहेब माझ्याकडे वळले. "तू प्रोबेशनवर आहेस. पडलं, तर त्या सोमवारपासून येऊ नकोस."

मला रडू आलं नाही, राग आला. साहेबांचा नव्हे, स्वतःचा. आमच्या घरात टेबल-खुर्चीची नोकरी करणारी मी पहिली. आण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, बाजारातल्या त्यांच्या टोळीतल्या प्रत्येकाला पेढे वाटले होते. सहा महिन्यांत घरी बसले असते तर त्यांनी मला एका शब्दाने विचारलं नसतं, आणि तेच मला सहन झालं नसतं.

चूक शोधायची मास्तरांची पद्धत ऐकाल तर हसाल. त्यांनी घरून एक टॉवेल आणला आणि ऑफिसच्या मधोमध दोरी बांधली. "टॉवेल म्हणजे ऑब्जेक्ट," ते म्हणाले. "जो वापरेल तो चिमटा लावेल. ज्याचं झालं त्याचा चिमटा निघेल. सगळे चिमटे निघाले की टॉवेल खाली. आणि आपण सगळे मिळून ड्रायव्हर."

म्हणजे नाटकच. मी हातात माझ्याच कोडचा कागद घेऊन उभी राहायचे आणि त्यात जसं लिहिलंय अगदी तसंच करायचं, डोकं चालवायचं नाही. मास्तर एक काम, माझ्या शेजारी बसणारा परांजपे दुसरं काम. हिशेबातल्या बाई मनगटावरचं घड्याळ बघून 'दहा सेकंद झाली' म्हणायच्या, त्या टायमर. कारण कोडमध्ये नियम होता, डिस्कने दहा सेकंदांत उत्तर दिलं नाही तर तिची वाट बघणं सोडायचं. आणि एकजण डिस्क. त्याने मागितलेला कागद टेबलावरून उचलून आणून द्यायचा.

तीन दिवस आम्ही हे केलं. साहेब येता-जाता बघायचे आणि कपाळाला हात लावायचे. खालच्या रबराच्या कारखान्यातले कामगार जेवणाच्या सुट्टीत जिन्यातून डोकवायचे. प्रत्येक वेळी सगळं बरोबर. शेवटचा चिमटा निघाल्यावरच टॉवेल खाली. मी तर कागद पाठ म्हणायला लागले होते. शनिवार तीन दिवसांवर आला.

चौथ्या दिवशी डिस्क होणारा मुलगा आजारी पडला. मास्तरांनी इकडेतिकडे बघितलं आणि चहावाल्या मावशींना हाक मारली. मावशी घणसोली गावातल्या, खाली टपरीवरून चहा आणून द्यायच्या.

"मावशी, आज तुम्ही डिस्क."

"मी काय करू?"

"काही नाही. हा म्हणाला चहा आण, की याला चहा आणायचा. मी म्हणालो, की मला आणायचा. बस."

"त मी रोजच करतंय," मावशी म्हणाल्या. परांजपेने चहा मागितला आणि मावशी किटली घेऊन जिना उतरल्या.

टॉवेलावर तीन चिमटे होते. पहिला लाल, 'डिस्क जोडलेली आहे' याचा. दुसरा निळा, परांजपेच्या कामाचा. तिसरा पिवळा, मास्तरांच्या कामाचा; त्यांनी जरा मागाहून, जिन्यातून हाक मारून चहा सांगितला होता. मावशी खाली गेल्या त्या गेल्याच. कुणाशी तरी जिन्यात बोलत उभ्या असणार. हिशेबातल्या बाई म्हणाल्या, "परांजपेची दहा सेकंद झाली." मी कागद बघितला. माझ्या कोडमध्ये लिहिलं होतं, वेळ संपली तर चिमटा काढ. मी निळा चिमटा काढला. बरोबर. याचं काम मेलं, याचा चिमटा निघाला.

मग मावशी आल्या. एकच ग्लास घेऊन.

"घे तुजा चाय," त्या परांजपेला म्हणाल्या.

"मावशी, उशीर झाला," हिशेबातल्या बाई म्हणाल्या. "त्याचं काम संपलं, तुम्ही उत्तर द्यायचं नाही आता."

"का नाय? मंगाला होता ना? आनला मी. आता मी कुटं टाकू?"

सगळे हसले. मास्तर हसले नाहीत. ते माझ्याकडे बघत होते. "कागदात काय लिहिलंय सातारकर? उत्तर आलं तर काय करायचं?"

मी वाचलं. उत्तर आलं तर चिमटा काढ.

"मग काढ."

परांजपेचा चिमटा तर मी आधीच काढला होता. पण कोडला चिमट्याचा रंग दिसत नाही, त्याला फक्त आकडा दिसतो. मी हात वर केला आणि हाताला आला तो काढला. पिवळा. मास्तरांचा.

"आता यार्डातले चाचा डिस्क काढताहेत," मास्तर शांतपणे म्हणाले आणि स्वतः लाल चिमटा काढला. टॉवेल खाली पडला. मास्तर दोन्ही हात पुढे करून तसेच उभे. "आणि माझा चहा अजून यायचाय."

"तुमचा त मी अजून आनलाच नाय," मावशी म्हणाल्या. "टॉवेल कोनी काडला?"

मी काढला होता, मावशी. दोनदा सोडलं होतं मी, एकदा धरून. मला इतका आनंद झाला की मी मावशींना मिठीच मारली, किटलीसकट. तीन दिवस आम्ही शिकलेली माणसं डिस्क झालो होतो. शिकलेली माणसं परीक्षेत बसल्यासारखी वेळेत उत्तर देतात. उशिरा उत्तर देणारी डिस्क आमच्यातल्या कुणाच्या डोक्यातच आली नव्हती. ऑफिसातल्या डिस्का नव्या, थंड हवेतल्या. यार्डातली उन्हात तापलेली, धुळीने भरलेली, बाराव्या सेकंदाला उत्तर देणारी. आणि दोष सगळा बिचाऱ्या चाचांवर, त्यांनी डिस्क काढली म्हणून.

साहेब केबिनच्या दारात उभे होते. त्यांनी सगळं बघितलं होतं. ते एवढंच म्हणाले, "मावशींना पण एक ग्लास द्या चहा."

घरी जाऊन मी आण्णांना सांगायचा प्रयत्न केला. कोड, आकडा, टायमर, काय काय बोलत होते. ते जेवता जेवता ऐकत होते. मग म्हणाले, "म्हंजी पाठीवर गोणी द्यायला दोघं हायत. एकानं हात काढला, आन् त्याच माणसानं दुसऱ्याचा हात पण काढला. गोणी अजून टेकली न्हाय तवर. असंच ना?"

"असंच."

"मग त्यात काय एवढं. ज्याचा हात त्यानंच काढायचा."

दुसऱ्या दिवशी मास्तरांनी मला नेमकं तेच सांगितलं, फक्त चिमट्याच्या भाषेत. टायमरने चिमट्याला हात लावायचा नाही. त्याने फक्त 'आम्ही वाट बघत नाही' अशी खूण करायची. चिमटा काढायचा तो एकदाच, डिस्कचं उत्तर येईल तेव्हा, मग ते कितीही उशिरा येवो. आणि डिस्कच ओढून काढली असेल, तर कॉम्प्युटरमधल्या ज्या कार्डाला ती जोडलेली असते त्याच्याकडून 'आता काही येणार नाही' असं वदवून घ्यायचं, मग काढायचा. त्यांनी कीबोर्ड माझ्याकडे सरकवला आणि खुर्ची मागे घेऊन बसले. अकरा ओळी मी लिहिल्या. त्यांनी एकेका ओळीवर बोट ठेवून विचारलं, "इथे कोण धरून आहे?" या वेळी मला राग आला नाही. प्रत्येक ओळीचं उत्तर माझ्याकडे होतं.

शनिवारी आम्ही यार्डात गेलो. मास्तरांनी खरं तर यायची गरज नव्हती. ते आठही दिवस आले. सकाळी ऑफिसची जीप, दिवसभर गेटवरची ती तापलेली खोली, बाहेर ट्रकांचा धूर. मास्तरांनी आमच्या ड्रायव्हर प्रोग्रॅमला आत काय चाललंय ते स्क्रीनवर लिहायला लावलं होतं, तेही मराठीत, रोमन अक्षरांत. धरलं. सोडलं. उशिरा आलं, हरकत नाही. चाचांना हे फार आवडलं. ते ट्रकवाल्यांना बोलावून दाखवायचे.

"चाचा, तुम्हाला हवी तेव्हा काढा डिस्क," मास्तर त्यांना म्हणाले. "आमची भीड ठेवू नका."

चाचांनी भीड ठेवली नाही. तीनदा काढायची ती दहादा काढायला लागले. जेवायला जाताना काढायचे, हात धुऊन आल्यावर पुन्हा. रांगेतला एखादा ड्रायव्हर म्हणाला, "मी काढू का एकदा," तर त्यालाही काढू द्यायचे. दर वेळी मशीन चालूच. पाचव्या दिवशी दुपारी स्क्रीन अचानक गोठली. एक अक्षर हलेना. मी मनात सोमवारचा विचार सुरू केला. सोमवारी सकाळी मी उठणार, आणि मला कुठेच जायचं नसणार. मास्तर स्टुलावर बसून सुपारी कातरत होते. त्यांनी मान वरही केली नाही. मग अक्षरं उमटली. उशिरा आलं, हरकत नाही.

"बघ," ते म्हणाले. "जुन्या कोडमध्ये आत्ता दुसऱ्याचा चिमटा गेला असता."

शेवटच्या दिवशी, आठव्या, साहेबांनी गेटवरच्या फोनवर फोन केला आणि म्हणाले, मी फोन धरूनच बसतो, शेवटची डिस्क काढा. जेवणाच्या आधीची वेळ. रांग सगळ्यात लांब असते ती. मशीन सपाटून लिहीत होतं. मास्तर म्हणाले, "चाचा, काढा." चाचांनी 'बिस्मिल्ला' म्हटलं आणि हँडल ओढलं.

मशीन चालू राहिलं. खोलीतल्या दोन-तीन ट्रकवाल्यांनी टाळ्या वाजवल्या. मी रिसिव्हर उचलणार, तेवढ्यात मास्तरांनी हात वर केला. "थांब. पडलं नाही, एवढंच झालं. एवढं तर साहेबांच्या उपायानेही झालं असतं. जागा परत गेली का ते बघ."

स्क्रीनवर 'सोडलं' आलेलं नव्हतं. दोन कामं अजून धरून होती. ट्रकवाल्यांना काही कळेना, पण तेही स्क्रीनजवळ सरकले. चाचा डिस्क छातीशी धरून उभे. किती वेळ गेला सांगता येत नाही, मला तो फार मोठा वाटला. एक काम सुटलं. मग आम्ही सगळे त्या काळ्या स्क्रीनकडे बघत राहिलो. आणि दुसरं सुटलं, आकडा शून्य झाला, आणि खाली शेवटची ओळ आली. सोडलं.

मास्तर उठून उभे राहिले आणि त्यांनी चाचांशी हात मिळवला, मग प्रत्येक ट्रकवाल्याशी, आणि मग माझ्याशी, अगदी बरोबरीच्या माणसाशी मिळवतात तसा. "साहेबांशी तू बोल," ते म्हणाले. "तुझा ड्रायव्हर आहे."

मी फोन घेतला. "सर, पडलं नाही. आणि जागा परत गेली. सगळी."

मग साहेब म्हणाले, "बरं. सोमवारी ये."

हे दोन शब्द ऐकायला मी आठ दिवस ती धूळ खाल्ली होती. आणि ते कानावर पडल्यावर माझ्या तोंडून काय निघालं, याचं मला आजही नवल वाटतं.

"सोमवारी नाही जमणार सर," मी म्हणाले. "आठ दिवस झोपले नाही नीट. मंगळवारी येते."

मास्तरांनी मान वळवून माझ्याकडे बघितलं. चाचांनीही. साहेब खाकरले. मग म्हणाले, "बरं, मंगळवारी," आणि फोन ठेवला.

"सुट्टी मागितलीस?" मास्तरांनी विचारलं.

"हो."

"आणि दिली?"

"दिली."

"खुळी की काय तू," मास्तर म्हणाले, आणि त्यांचा चेहरा आनंदाने फुलून गेला होता. "एक दिवस काय मागतेस सातारकर? आज आठवडा मागितला असतास तरी मिळाला असता."